आधी तालुका, मग गाव, मग शेतकरी: डेव्हलपमेंट डेटाबेस भरताना फॉरेन की कशा सांभाळाव्यात

लासलगावच्या बाजार आवारात कांद्याची ट्रॉली आली की आधी आवकेची नोंद होते. मग लिलाव, मग वजन आणि सगळ्यात शेवटी हिशेबपट्टी. वजन झालं नसताना कुणी हिशेबपट्टी फाडत नाही. नाशिकला कॉलेज रोडवरच्या आमच्या ऑफिसात आम्ही याच कामाचं सॉफ्टवेअर लिहितो. टीममध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या कोणत्या नोंदीवर अवलंबून आहे हे सांगणारा कॉलम) समजावताना मी हाच क्रम सांगते, कारण डेटाबेसलाही नेमका तोच क्रम हवा असतो.

तरीही नव्या लॅपटॉपवर सीड स्क्रिप्ट (डेव्हलपमेंटच्या डेटाबेसमध्ये सुरुवातीचा डेटा भरणारी फाइल) चालवली की पहिल्याच दिवशी फॉरेन कीची एरर येते. इंटरनेटवर शोधलं की एका ओळीचा उपाय मिळतो: तपासणी बंद करा, डेटा टाका, तपासणी चालू करा. स्क्रिप्ट चालते, काम पुढे सरकतं. या उपायाने आमचे किती दिवस वाया गेले ते पुढे सांगेनच. आधी रीतसर पद्धत पाहू.

(लेखातल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. चालवताना त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप कराव्यात.)

उदाहरणासाठी आमच्याच कामातली टेबलं घेते: तालुके, गावे, शेतकरी, शेतमाल, बाजार_समित्या, व्यापारी, प्रतिनिधी, आवक, सौदे, हिशेबपट्ट्या.

## एरर नीट वाचा

फॉरेन कीची एरर दोन कारणांनी येते. नवी नोंद ज्या पॅरेंटकडे (ती जिच्यावर अवलंबून आहे त्या नोंदीकडे) बोट दाखवते तो पॅरेंट टेबलात नसतो, किंवा जो पॅरेंट आपण पुसतो आहोत त्याच्यावर चाइल्ड नोंदी अजून अवलंबून असतात. मायएसक्यूएल यांना वेगळे नंबर देतं: पहिल्याला १४५२, दुसऱ्याला १४५१. पोस्टग्रेसमध्ये दोन्हींचा कोड सहसा २३५०३ असतो, पण खालच्या 'डिटेल' ओळीत कोणत्या कॉलमची कोणती किंमत कोणत्या टेबलात सापडली नाही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. 'गाव_आयडी ७ ही गावे टेबलात नाही' एवढं कळलं की अर्धं काम झालं. घाईत बहुतेक जण ती ओळ वाचतच नाहीत.

एसक्यूलाइट मात्र फक्त 'फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड' एवढंच सांगतं. कोणती की, कोणतं टेबल, काही नाही. शिवाय तिथे फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शनवर `प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन` म्हणावं लागतं, आणि ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या कमांडचा गट) सुरू झाल्यावर ही ओळ दिली तर तिचा काहीच परिणाम होत नाही. काही फ्रेमवर्क ती आपणहून चालू करतात, काही करत नाहीत. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल, तर 'माझ्याकडे तर चालतंय' यामागे बऱ्याचदा हेच कारण निघतं. दोन्हीकडे एकच डेटाबेस वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

## क्रम कागदावर मांडा

कोरा कागद घ्या. प्रत्येक टेबलासाठी एक चौकोन काढा आणि चाइल्डकडून पॅरेंटकडे बाण काढा. गावे टेबलाचा बाण तालुके टेबलाकडे जातो, शेतकरी आणि बाजार_समित्या यांचे गावे टेबलाकडे, व्यापारी टेबलाचा बाजार_समित्यांकडे. आवक टेबलातून तीन बाण निघतात: शेतकरी, शेतमाल आणि बाजार समिती. सौद्याचे दोन: आवक आणि व्यापारी.

आता ज्या चौकोनातून दुसऱ्या टेबलाकडे एकही बाण जात नाही ते आधी भरायचे. इथे ते तालुके आणि शेतमाल. ते खोडा, त्यांच्याकडे येणारे बाणही खोडा. आता गावे मोकळं झालं. ते खोडलं की शेतकरी आणि बाजार_समित्या मोकळे होतात, मग व्यापारी आणि आवक (व्यापाऱ्याकडून प्रतिनिधीकडे जाणारा बाण सध्या बाजूला ठेवा, त्याचं पुढे पाहू), आणि असंच हिशेबपट्ट्यांपर्यंत. संगणकशास्त्रात याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात. आर्थर कान यांनी ही रीत १९६२ साली मांडली आणि आजची कितीतरी मायग्रेशन टूल्स (टेबलांची रचना टप्प्याटप्प्याने बनवणारी साधनं) याच तत्त्वावर चालतात.

दहा टेबलांना कागद पुरतो, ऐंशी टेबलांना पुरत नाही. तेव्हा यादी डेटाबेसकडूनच मागवा. मायएसक्यूएलमध्ये इन्फर्मेशन_स्कीमातल्या की_कॉलम_युसेज मध्ये ज्या ओळींत रेफरन्स्ड_टेबल_नेम भरलेलं असतं, त्या सगळ्या फॉरेन की. पोस्टग्रेसमध्ये पीजी_कन्स्ट्रेंट मधल्या, ज्यांचा कॉनटाइप 'एफ' आहे त्या नोंदी घ्या: कॉनरेलआयडी म्हणजे चाइल्ड, कॉनएफरेलआयडी म्हणजे पॅरेंट. या जोड्या पंधरा-वीस ओळींच्या स्क्रिप्टला दिल्या की क्रम तयार होतो. खोडता खोडता काही चौकोन उरले आणि एकही मोकळा होईना, तर तिथे चक्र आहे असं समजा. त्याकडे पुढे वळू.

## रिकामं करताना उलट क्रम

भरताना तालुक्यापासून हिशेबपट्टीकडे जायचं, पुसताना हिशेबपट्टीपासून तालुक्याकडे. डेटाबेस लहान असेल तर अख्खा डेटाबेस ड्रॉप करून मायग्रेशन पुन्हा चालवणं सर्वात सोपं, आणि मी शक्यतो तेच करते. पण मायग्रेशनला पाच मिनिटं लागत असतील तर टेबलं रिकामी करावी लागतात.

पोस्टग्रेसमध्ये सगळी संबंधित टेबलं एकाच ट्रंकेटमध्ये (टेबल एकदम रिकामं करणाऱ्या कमांडमध्ये) लिहिली तर फॉरेन की आडव्या येत नाहीत:

```
ट्रंकेट हिशेबपट्ट्या, सौदे, आवक, प्रतिनिधी, व्यापारी,
बाजार_समित्या, शेतकरी, शेतमाल, गावे, तालुके
रीस्टार्ट आयडेंटिटी;
```

नावं लिहायचा कंटाळा म्हणून अनेक जण `ट्रंकेट तालुके कॅस्केड` लिहितात. त्याने तालुक्यांवर थेट किंवा फिरून अवलंबून असलेलं प्रत्येक टेबल रिकामं होतं, मग एखाद्या नोंदीच्या त्या की कॉलममध्ये नल (रिकामी किंमत) असला तरी. उद्या कुणी 'सेटिंग्ज' टेबलाला तालुक्याची फॉरेन की जोडली, तर तेही साफ होईल आणि पडद्यावर फक्त एक नोटीस येऊन जाईल. यादी हाताने लिहिलेली असेल तर नवं टेबल राहून गेल्याबरोबर कमांड अडते. सीड स्क्रिप्टमध्ये हे अडणं आपल्याला हवंच आहे.

मायएसक्यूएलमध्ये ज्या टेबलाकडे दुसऱ्या टेबलाची फॉरेन की बोट दाखवते, ते ट्रंकेट होतच नाही; १७०१ नंबरची एरर येते. चाइल्ड टेबल रिकामं असलं तरी येते, आणि 'आधी सौदे रिकामे केले, तरी आवक का होत नाही?' म्हणून लोक डोकं धरून बसतात. तिथे उलट क्रमाने डिलीट करा आणि आयडीचा आकडा परत एकवर हवा असेल तर ऑटो_इन्क्रिमेंट वेगळा बदला. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेटने चालू ट्रान्झॅक्शन कमिट (पक्कं) होऊन जातं, म्हणजे रोलबॅकची (मागे फिरण्याची) आशा संपते, हेही ध्यानात असू द्या.

आणि पुसणारी पहिली ओळ चालण्याआधी स्क्रिप्टने आपण कुठे जोडलेले आहोत ते तपासलंच पाहिजे. डेटाबेसचं नाव 'डेव्ह' ने संपत नसेल किंवा होस्ट लोकल नसेल तर तिथेच थांबायचं. याला अपवाद नाही. चुकीच्या कनेक्शनवर चाललेली सीड स्क्रिप्ट शेतकऱ्यांच्या खऱ्या पैशांचा हिशेब पुसू शकते.

## आयडी पाठ करू नका

सर्वात जास्त चुका भरतानाच होतात. सीड फाइलमध्ये 'गाव_आयडी: ७' असं लिहिलेलं असतं. ज्याने लिहिलं त्याच्या मशीनवर चांदोरी सातवं होतं. मग कुणीतरी यादीत मध्येच सायखेडा घातलं आणि सगळे शेतकरी एक गाव सरकले. यात एररही येत नाही, कारण सात नंबरचं गाव आहेच. फक्त ते चांदोरी नाही.

म्हणून पॅरेंटला त्याच्या खऱ्या ओळखीने शोधा. तालुक्यांचं सोपं आहे. नाशिक जिल्ह्यात तालुके १५, नावं ठरलेली, एकमेकांपासून वेगळी. गावांची तशी खात्री देता येत नाही. निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत आहे आणि सातपूरजवळ पिंपळगाव बहुला. सीडमध्ये कुणी नुसतं 'पिंपळगाव' लिहिलं की घोळ झालाच म्हणून समजा. गावाची ओळख तालुका आणि पूर्ण नाव मिळून ठरवा, आणि त्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा टाकू न देणारा नियम) लावा.

```
इन्सर्ट इनटू गावे (तालुका_आयडी, नाव)
सिलेक्ट आयडी, 'चांदोरी' फ्रॉम तालुके व्हेअर नाव = 'निफाड';
```

यात एक खाच आहे. तालुक्याचं नाव 'निफाड ' असं शेवटी स्पेस देऊन पडलं असेल तर पोस्टग्रेसमध्ये आतली सिलेक्ट रिकामी येते आणि इन्सर्ट शून्य नोंदी टाकून यशस्वी होते. एरर नाही, गावही नाही. किती नोंदी पडल्या ते प्रत्येक टप्प्यावर मोजा आणि अपेक्षित आकडा आला नाही तर स्क्रिप्ट तिथेच पाडा.

आयडी लगेच हवा असेल तर पोस्टग्रेसमध्ये `रिटर्निंग आयडी` वापरा. सोबत `ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग` असेल आणि नोंद आधीपासून असेल, तर रिटर्निंग काहीच परत देत नाही, आणि पुढच्या चाइल्डच्या आयडीत नल जातो. अशा वेळी पुन्हा सिलेक्ट करून आयडी घ्या, किंवा `डू अपडेट` वापरा. मायएसक्यूएलमध्ये एकाच इन्सर्टने अनेक नोंदी टाकल्या तर लास्ट_इन्सर्ट_आयडी त्यातल्या पहिल्या नोंदीचा आयडी देतं, शेवटच्या नाही.

मायएसक्यूएलमधल्या आणखी दोन सवयी मोडायला हव्यात. `इन्सर्ट इग्नोर` लोक डुप्लिकेट टाळायला वापरतात, पण ते फॉरेन कीच्या एररचीही नुसती वॉर्निंग करतं आणि ती नोंद गुपचूप गाळतं. `रिप्लेस इनटू` तर जुनी नोंद पुसून नवी टाकतं. त्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड (पॅरेंट पुसला की चाइल्डही पुसा) असेल तर एका शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलताना त्याच्या सगळ्या आवकेच्या नोंदी उडतात. दोन्हीऐवजी `ऑन डुप्लिकेट की अपडेट` वापरा.

बनावट डेटासाठी फेकर (खोटी नावं-नंबर बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर 'एक ते पन्नासमधला कोणताही गाव_आयडी' असं कधीच लिहू नका. मागच्या डिलीटनंतर आयडी ५१ पासून सुरू झाले असतील. गावे टेबलातून खरे आयडी उचला आणि त्यांतूनच निवडा.

कधी आयडी ठरलेलेच टाकावे लागतात, जसं टेस्टसाठी. पोस्टग्रेसला त्याची खबर नसते. तुम्ही १ ते १५ आयडी हाताने टाकलेत तरी सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा काउंटर) एकवरच उभा असतो, आणि ॲपमधून पहिला तालुका टाकताना डुप्लिकेट कीची २३५०५ एरर येते. सीडच्या शेवटी सेटव्हॅल वापरून सीक्वेन्स सर्वात मोठ्या आयडीपर्यंत पुढे न्या. मायएसक्यूएल हे आपणहून करतं.

## स्वतःकडे बोट दाखवणारं टेबल आणि चक्र

शेतमाल टेबलात 'कांदा' ही नोंद आहे आणि तिच्याखाली लाल, रांगडा, उन्हाळ. प्रत्येकाचा पालक_आयडी त्याच टेबलातल्या कांद्याकडे जातो. इथे टेबलांचा क्रम उपयोगाचा नाही, नोंदींचा क्रम लागतो: आधी ज्यांना पालक नाही ते, मग त्यांची मुलं. पोस्टग्रेस साध्या फॉरेन कीची तपासणी स्टेटमेंट संपल्यावर करतं, म्हणून एकाच इन्सर्टमध्ये 'उन्हाळ' आधी आणि 'कांदा' नंतर लिहिला तरी चालतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी (नोंदी साठवणारं त्याचं इंजिन) नोंदागणिक तपासतं, तिथे तीच इन्सर्ट पडते. म्हणून सवय चांगली लावा, कांदा आधीच लिहा.

खरं चक्र व्यापारी आणि प्रतिनिधी यांच्यात आहे. प्रत्येक प्रतिनिधी कुठल्यातरी व्यापाऱ्याचा, आणि प्रत्येक व्यापाऱ्याचा एक मुख्य प्रतिनिधी. आधी कोण? सर्वत्र चालणारी रीत अशी: मुख्य_प्रतिनिधी_आयडी नल ठेवून व्यापारी टाका, मग प्रतिनिधी टाका, मग व्यापाऱ्याची नोंद अपडेट करा. त्यासाठी तो कॉलम नल घेणारा हवा. माझ्या मते तो तसाच असावा, कारण व्यवहारातही व्यापाऱ्याची नोंदणी आधी होते आणि प्रतिनिधी नंतर नेमला जातो.

कॉलम नल घेत नसेल आणि तुम्ही पोस्टग्रेसवर असाल तर कन्स्ट्रेंट डिफरेबल (तपासणी पुढे ढकलता येईल असा) करा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून `सेट कन्स्ट्रेंट्स ऑल डिफर्ड` म्हटलं की तपासणी कमिटपर्यंत थांबते. दोन्ही टेबलं कशीही भरा, कमिटच्या क्षणी सगळं जुळलं पाहिजे. ट्रान्झॅक्शनच्या बाहेर ही ओळ दिली तर नुसती वॉर्निंग येते आणि बाकी काही घडत नाही. आधीपासून असलेली फॉरेन की `ऑल्टर कन्स्ट्रेंट` ने डिफरेबल करता येते, नवी बनवायची गरज नाही. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क पोस्टग्रेसवर फॉरेन की मुळातच डिफर्ड बनवतं. म्हणून जँगोत चुकीच्या क्रमाने टाकलेला डेटाही शेवटी जुळला तर बसतो, आणि जुळला नाही तर एरर कमिटवर, मूळ ओळीपासून लांब येते. मायएसक्यूएलमध्ये डिफर्डची सोयच नाही.

## तपासणी बंद करायचीच असेल तर

आता आमची गोष्ट. एका प्रोजेक्टात सीड फाइलच्या पहिल्याच ओळीत `सेट फॉरेन_की_चेक्स = ०` होतं आणि शेवटी परत १. सगळं सुरळीत चालायचं. मग एकीने हिशेबपट्टीचा रिपोर्ट लिहिला आणि बेरीज जुळेना. सौदे टेबलातली रक्कम जास्त, रिपोर्टमधली कमी. तिने आपल्याच क्वेरीत चूक शोधण्यात दोन दिवस घालवले. तिची क्वेरी बरोबर होती. सीडमधल्या काही सौद्यांची आवकच नव्हती, आणि इनर जॉइन (दोन्ही टेबलांत जोडी असलेल्याच नोंदी घेणारा) अशा अनाथ नोंदी मुकाट्याने वगळत होता. माझ्या मनाला लागलं ते हे, की एक चांगली मुलगी दोन दिवस स्वतःवरच शंका घेत बसली.

कारण साधं आहे: तपासणी पुन्हा चालू केल्यावर मायएसक्यूएल मधल्या काळात पडलेल्या नोंदी मागे वळून तपासत नाही. शिवाय ही सेटिंग त्या एका सेशनपुरती असते. कनेक्शन पूल (पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) असेल तर बंद एका कनेक्शनवर होतं आणि इन्सर्ट दुसऱ्यावर जाते, किंवा बंद केलेलं कनेक्शन तसंच पूलमध्ये परत जातं आणि ॲपच्या हाती लागतं. म्हणून बंद, भरणं, चालू हे सगळं एकाच कनेक्शनवर करा, आणि मध्ये एरर आली तरी चालू करणारी ओळ चालेल असं लिहा.

पोस्टग्रेसमध्ये लोक `सेशन_रेप्लिकेशन_रोल = रेप्लिका` करतात. त्याला सहसा सुपरयूजरचे अधिकार लागतात, आणि त्याने फॉरेन कीबरोबर टेबलावरचे नेहमीचे ट्रिगरही (नोंद पडली की आपोआप चालणारा कोड) थांबतात. वजनावरून रक्कम काढणारा ट्रिगर असेल तर रकमा रिकाम्या राहतील. मोठा डंप (डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत) चढवायचा असेल तर मी दुसरी रीत पसंत करते: फॉरेन की ड्रॉप करा, डेटा भरा, फॉरेन की परत जोडा. जोडताना पोस्टग्रेस प्रत्येक नोंद तपासतं आणि एक जरी अनाथ असली तरी की जोडू देत नाही.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी परत चालू करताना `विथ चेक चेक कन्स्ट्रेंट` असं दोनदा 'चेक' लिहावं. एकदाच लिहिलं तर जुन्या नोंदी न तपासताच कन्स्ट्रेंट चालू होतो.

कोणत्याही मार्गाने तपासणी बंद केली असेल तर प्रत्येक बाणासाठी अनाथ नोंदी शोधणारी क्वेरी चालवायचीच:

```
सिलेक्ट सौदे.आयडी फ्रॉम सौदे
लेफ्ट जॉइन आवक ऑन आवक.आयडी = सौदे.आवक_आयडी
व्हेअर सौदे.आवक_आयडी इज नॉट नल अँड आवक.आयडी इज नल;
```

एसक्यूलाइटमध्ये हेच काम `प्राग्मा फॉरेन_की_चेक` एका झटक्यात करतं, तेही टेबलाच्या नावासकट आणि नोंदीच्या नंबरासकट.

## खऱ्या डेटाचा तुकडा घेताना

कधी बनावट डेटा पुरत नाही. स्टेजिंगमधून (प्रत्यक्ष वापराआधीच्या चाचणी सर्व्हरवरून) एखाद्या दिवसाचे सौदे लॅपटॉपवर हवे असतात. इथे वरून खाली जाऊ नका. 'पहिले १००० शेतकरी' आणि 'पहिले १००० सौदे' घेतले तर ते एकमेकांचे असतीलच असं नाही. सौद्यांपासून सुरू करा, त्यांच्या आवक नोंदी आणि व्यापारी घ्या, त्यांचे शेतकरी, त्यांची गावं, तालुके. नवा पॅरेंट सापडेनासा होईपर्यंत वर चढत राहा. मग भरताना तालुक्यापासून खाली.

इथे सॉफ्ट डिलीट फसवतं. बंद झालेला व्यापारी टेबलात असतो, पण ओआरएमच्या (कोडमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या) नेहमीच्या फिल्टरमुळे दिसत नाही. तुकडा काढणारी स्क्रिप्ट त्याला वगळते आणि त्याचे जुने सौदे १४५२ देतात. ते फिल्टर काढूनच डेटा उचला.

आणि शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, आधार, बँक खातं स्टेजिंगमधून बाहेर पडण्याआधीच बदला, लॅपटॉपवर आल्यानंतर नाही. आयडी तेच ठेवा, म्हणजे नाती शाबूत राहतील. आधार किंवा मोबाइल नंबरच की म्हणून वापरला असेल तर तो सगळ्या टेबलांत एकाच रीतीने बदलावा लागतो, नाहीतर पॅरेंट आणि चाइल्डची ताटातूट होते.

## दोनदा चालवून बघा

सीड तयार झाली की ती सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) घाला: कोरा डेटाबेस, सगळी मायग्रेशन, सीड, आणि लगेच पुन्हा सीड. फेकरला ठरलेला सीड नंबर (हा सीड वेगळा, फेकरचा सुरुवातीचा आकडा) द्या, म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर तोच डेटा पडेल. दुसऱ्या फेरीनंतर प्रत्येक टेबलातल्या नोंदी पहिल्या फेरीइतक्याच हव्यात, तालुके बरोबर १५ हवेत आणि अनाथ नोंदींच्या सगळ्या क्वेरी रिकाम्या यायला हव्यात. आमच्याकडे नवी फॉरेन की आणणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोड मुख्य शाखेत घेण्याच्या विनंतीत) सीडमधला बदल आणि त्या बाणाची अनाथ-क्वेरी नसेल, तर ती मर्ज होत नाही.